'येतोस का' मधला 'का' जपानीत कुठून आला?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. मी मूळची कराडची, नोकरी चाकणला, क्वालिटीत. आमचा मोठा ग्राहक जपानी आहे, त्यामुळे दर आठवड्याला कॉल असतो. दुभाषी असतो, पण तो कामापुरतंच सांगतो. ते लोक आपापसांत काय बोलले ते सरळ गाळतो, आणि मला नेमकं तेच हवं असतं. म्हणून शनिवार-रविवार पुण्यात जपानीचा क्लास लावलाय. जपानीच्या परीक्षांतली पहिली पायरी एन-5 झाली, डिसेंबरात पुढची एन-4 द्यायची आहे.

तर झालं असं की प्रश्न विचारायचा धडा आला तेव्हा सेन्सेईंनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. 'इकिमास' म्हणजे 'जातो'. 'इकिमास का' म्हणजे 'जातो का'. वर्गातली आम्ही मराठी पोरं एकमेकांकडे बघायला लागलो. शेजारचा मल्याळी मुलगा मान खाली घालून नियम उतरवत होता आणि आम्हाला उतरवायला काही नव्हतंच. वाक्य जसंच्या तसं ठेवायचं, शेवटी 'का' लावायचा, सूर चढवायचा. झालं.

पुढे 'सो देस का' शिकलो. 'असं का'. अर्थ तोच, आणि गंमत म्हणजे सूरसुद्धा तोच! हा प्रश्न नसतोच, समोरच्याचं ऐकून घेतल्याची पावती असते. कॉलवर मी महिन्याच्या रिजेक्शनचा आकडा सांगते, तेव्हा पलीकडून हळूच 'सो देस काऽ' येतं, खाली उतरत जाणारं. माझे आजोबा प्रगतिपुस्तक हातात घेऊन 'असं काऽ' म्हणायचे तो सूर आणि हा सूर शेजारी ठेवले तर वेगळे ओळखता येणार नाहीत. दोन्हीनंतर पुढे काय येणार याची धास्तीही सारखीच.

इकडे रूमवर दुसरा 'का'. रूममेट उत्तर प्रदेशातल्या बलियाची आहे, घरी भोजपुरी बोलते. घरून फोन आला की तिचं सुरू होतं, 'का हो, का हाल बा?' तिचा 'का' म्हणजे 'काय'. आणि तीच ऑफिसात हिंदी बोलते तेव्हा 'टीम का लंच' म्हणते, म्हणजे तिथे 'का' म्हणजे आपला 'चा'.

मला विचारायचंय ते हे, की या सगळ्या 'का'ंचं एकमेकांशी काही नातं आहे का? हिंदी-मराठीचं समजू शकते, पण जपानी? आणि ज्यांना जपानी चांगलं येतं त्यांनी हेही सांगा की हा आपला 'का' आहे असं समजून मी बोलत सुटले तर कुठे तोंडावर आपटेन.

जुना_जुळारी

चांगला विषय काढलात. मी काही भाषाशास्त्रातला नाही. सांगलीत छापखान्यात खिळे जुळवले, संगणक आल्यावर मुद्रितं तपासली. त्यामुळे 'का' हा शब्द मी ऐकला त्याहून जास्त वाचलाय.

जुनी पुस्तकं उघडा, तिथे तो 'कां' असा सापडेल, डोक्यावर टिंब घेऊन. 1962 साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. नांव, गांव, पांच यांच्याबरोबर 'कां'चंही टिंब पुसलं गेलं. जुने लेखक हटायचे नाहीत. मी टिंब काढायचो, दुसऱ्या प्रुफावर ते पुन्हा येऊन बसलेलं असायचं.

आता नात्याचं. आपला 'का' कोण, काय, कधी, कुठे, कसा, किती या सगळ्या 'क'वाल्यांच्या घरातला. संस्कृतात 'का' म्हणजे 'कोण', पण बाईबद्दल विचारायचं असेल तर. 'का वार्ता?' म्हणजे 'काय बातमी?', कारण वार्ता स्त्रीलिंगी. तुमच्या मैत्रिणीचा भोजपुरी 'का' याच घरचा. हिंदीतला 'राम का घर' मधला 'का' मात्र यांच्यातला नव्हे. तो संस्कृत 'कृ' धातूपासून, प्राकृतातल्या 'केर'वरून आला असं मानतात. त्याचा प्रश्नाशी काडीचा संबंध नाही, म्हणून तर घर पुल्लिंगी की बाईमाणूस हे बघून तो का, की, के असा बदलतो. आपला प्रश्नाचा 'का' कोणासाठी बदलत नाही.

जुन्या मराठीत 'कां'ला आणखी एक अर्थ होता, तो म्हणजे 'किंवा'. हे कां ते. आता ते काम 'की' करतो. गुजरातीत अजून शिल्लक आहे, 'कां तो आम, कां तो तेम'.

आणि एक. मोडीत विरामचिन्हं नव्हती. मराठीत ती रुळली इंग्रजी अमदानीत, मेजर कँडी या इंग्रज कोशकाराच्या खटपटीने. त्याआधी पत्रात 'पावले का' एवढंच लिहिलेलं असायचं आणि वाचणाऱ्याला प्रश्न कळायचा. आता 'का' लिहून वर प्रश्नचिन्ह देतो आपण. माझ्या मते ते चिन्ह तिथे फुकट पगार खातं, पण हे सांगून कोणी ऐकलं नाही.

जपानीचं मला विचारू नका.

कल्याण_पूर्व

कोयनाकाठ ताई, तुमच्या रूममेटला नमस्कार सांगा. आम्ही गाझीपूरचे, म्हणजे तिच्या शेजारच्याच जिल्ह्यातले. माझा जन्म कल्याणचा, शाळा मराठी माध्यमाची.

तुम्ही 'का हो' लिहिलंत आणि मला आमचे बाबूजी आठवले. दुधाचा धंदा होता. सकाळी बिल्डिंगमध्ये दूध घालायला गेले की एखाद्या काकू दारातच विचारायच्या, 'का हो भैया, आज दूध पातळ?' बाबूजींना तेव्हा मराठी कळायचं नाही. त्यांना ऐकू यायचे ते पहिले दोन शब्द. भोजपुरीत 'का हो' म्हणजे 'काय राव, कसं काय?' आपुलकीची हाक आहे ती. त्यामुळे ते हसून 'सब बढ़िया, सब बढ़िया' म्हणत पुढच्या दाराला जायचे. काकूंना वाटायचं माणूस भलताच बेरकी आहे. पुढे मी शाळेत मराठी शिकलो आणि घरी येऊन सांगितलं, तर बाबूजी म्हणाले, 'तो का भइल, पूछत त रहली.' म्हणजे, मग काय झालं, विचारपूस तर करत होत्या ना!

'का'ची भोजपुरीत अडचण होत नाही, कारण 'का' म्हणायचा 'काय' या अर्थी आणि 'का म्हणून' यासाठी 'काहे' आहे. आणि 'राम का घर' आम्ही घरात म्हणतच नाही, 'राम के घर' म्हणतो. तो 'का' शाळेच्या हिंदीतला.

अजून एक निरीक्षण. आमचे गावाकडचे लोक मुंबईच्या हिंदीला हसतात. शुद्ध हिंदीत 'क्या तुम आओगे?' असं 'क्या' पुढे येतं. मुंबईत 'तू आयेगा क्या?' आता हे 'तू येणार का?' नाही तर दुसरं काय आहे? 'का' काढला, त्या जागी 'क्या' ठेवला. वाक्य मराठीच राहिलं.

द्राविडी_प्राणायाम

जपानी नात्याबद्दल लिहितो. सुसुमु ओनो नावाचे जुन्या जपानीचे मोठे अभ्यासक होते. त्यांनी कित्येक वर्षं जपानी आणि तमिळ यांचं नातं आहे असं मांडलं. शब्दांच्या याद्याच्या याद्या दिल्या. मराठीवर द्राविडी भाषांची छाया आहे हे तर बरेच जण मानतात. मग तमिळकडून जपानला आणि तमिळकडून मराठीला असा 'का' गेला नसेल कशावरून?

निशिकासाई

@द्राविडी_प्राणायाम, ओनोंचं मत भाषाशास्त्रातल्या बहुतेकांनी स्वीकारलेलं नाही. पण ते क्षणभर बाजूला ठेवू. तमिळमध्ये हो-नाहीच्या प्रश्नाला 'का' लागतच नाही, क्रियापदाच्या शेवटी 'आ' लागतो. कन्नडमध्येही तेच, 'बर्तीया?' म्हणजे 'येतोस का?' मी इचलकरंजीची आहे, पलीकडे बेळगाव-निपाणी. हा 'आ' लहानपणापासून बाजारात ऐकलाय. प्रश्नाचा शब्द वाक्याच्या शेपटाला लावायची सवय मराठीने कन्नड शेजारातून घेतली असं कोणी म्हणालं तर मी ऐकून घेईन. पण 'का' हा आवाज तिकडून आलेला नाही, तो आपल्या 'क'वाल्यांच्या घरातलाच आहे, जुळारीकाका म्हणतात तसं.

आणि जपानी 'का' जपानीतच फार जुना आहे. आठव्या शतकातल्या कवितांत सापडतो. तेव्हा तो वाक्याच्या मध्येसुद्धा बसायचा, ज्या शब्दाबद्दल शंका असेल त्याच्या लगेच नंतर. शेवटच्या जागेवर तो नंतर स्थिरावला. दोघं आपापल्या वाटेने आले आणि एकाच जागेवर बसले, एवढंच. तोंडातून निघणारे सोपे आवाज मुळात थोडे, त्यात 'क' आणि 'आ' जगातल्या बहुतेक भाषांत. हवाईच्या भाषेत 'का' हे नामाआधी लागणारं उपपद आहे, इंग्रजी 'द'सारखं. प्राचीन इजिप्तमध्ये 'का' म्हणजे माणसातली प्राणशक्ती. आणि जपानीत याच 'का'चा दुसरा अर्थ डास! त्यामुळे कोयनाकाठ, आपल्यासारखं एकटं 'का?' म्हणून कारण विचारू नकोस. आधी वाक्य असल्याशिवाय 'का' उभा राहत नाही तिथे. 'का?' साठी 'नाझे', 'दोश्ते' किंवा घरगुती 'नान्दे' आहे.

मी तोक्योत मॅन्युअलं भाषांतरित करते, जास्त करून एअरजेट मागांची, म्हणजे हवेच्या झोताने कापड विणणाऱ्या यंत्रांची. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देते, कारण तिथे खरी मजा आहे.

आधी 'का' कुठे कुठे जुळतो ते बघ, तू सांगितलंस त्याहून जास्त आहे. 'येतो का नाही माहीत नाही' हे 'कुरु का दो का वाकारानाइ'. वाक्याच्या पोटातला 'का' दोन्हीकडे आहे. 'पाऊस येईल का काय' असं आपण खिडकीशी उभं राहून स्वतःशीच म्हणतो, ते 'आमे फुरु का ना'. कोणाला विचारलेलं नसतं, उत्तर नको असतं. आणि जुळारीकाकांनी जुन्या मराठीतला 'किंवा' सांगितला, तोही इथे आहे. 'कोही का कोच्या' म्हणजे कॉफी किंवा चहा. ते वाचून मी काम बाजूला ठेवून प्रतिसाद लिहायला घेतला.

प्रश्नचिन्हाचंही तसंच. माझ्यासमोर आत्ता मागाची तपासणी-यादी उघडी आहे. 'काबा वा शिमात्ते इमास का', कव्हर बंद आहे का. पुढे छोटंसं गोल, म्हणजे जपानी पूर्णविराम, आणि टिक करायला चौकोन. प्रश्नचिन्ह नाही. औपचारिक लिखाणात 'का' असला की त्याची गरज धरत नाहीत. काका, तुमचं ऐकणारं कोणीतरी निघालं.

आता आपटायच्या जागा. पहिली, प्रश्नार्थक शब्द असला तरी जपानीत शेवटी 'का' येतो. 'दोको नि इकिमास का', म्हणजे 'कुठे जाता?' आता हेच मराठीत शब्दाला शब्द ठेवून बघ, 'कुठे जाता का?' अर्थ बदलला! आता मी ठिकाण विचारत नाही, कुठेतरी जायचा बेत आहे का असं विचारतेय. जपानीत तो अर्थ हवा असेल तर आणखी एक 'का' लागतो, 'दोको'ला चिकटवून: 'दोकोका नि इकिमास का'. दारे म्हणजे कोण, दारेका म्हणजे कोणीतरी. नानि म्हणजे काय, नानिका म्हणजे काहीतरी. मराठी कान हा मधला छोटा 'का' गिळतो, कारण त्याला 'का' शेवटी ऐकायची सवय आहे. ग्राहक विचारतो 'नानिका मोन्दाइ गा आरिमास का', काही अडचण आहे का. आपल्याला ऐकू येतं 'काय अडचण आहे' आणि आपण अडचणी सांगत सुटतो. 'नाही, सगळं ठीक' म्हणून सुटता आलं असतं.

दुसरी आणि जास्त नाजूक जागा म्हणजे नकारातला 'का'. 'इश्शो नि इकिमासेन का'. शब्दाला शब्द: 'बरोबर जाणार नाही का?' आपल्याकडे असं सासूबाईंनी विचारलं तर समजायचं की काहीतरी चुकलंय. जपानीत हे अगदी मऊ आमंत्रण आहे, 'चला ना बरोबर'. तसंच 'मादो ओ आकेते कुरेमासेन का' म्हणजे 'जरा खिडकी उघडता का', नम्र विनंती. मराठीत शब्दशः 'खिडकी उघडणार नाही का' म्हणजे भांडणाची सुरुवात. इकडे नवीन आलेल्या मराठी मुली मला सांगतात की ऑफिसातले लोक टोचून बोलतात. टोचत नसतात गं, आदराने विचारत असतात. उलटंही होतं. आपण सरळ 'आकेमास का' म्हणतो, आपल्या मनात 'उघडता का' ही विनंती असते, त्यांना ती चौकशी वाटते. 'हो, उघडतो कधीकधी' असं उत्तर येऊ शकतं.

तिसरी जागा छोटी आहे. 'मास' आणि 'देस' नंतरचा 'का' सभ्य. पण साध्या क्रियापदापुढे, 'ताबेरु का', 'इकु का', असा थेट 'का' लावला की ते बांधकामावरच्या मुकादमाचं बोलणं वाटतं. मैत्रिणीला विचारताना 'का' गाळायचा, नुसता सूर चढवायचा, 'ताबेरु?' मराठीत आपण 'जेवतेस का' आणि 'जेवतेस?' दोन्ही सहज म्हणतो, त्यामुळे हा फरक डोक्यात यायला वेळ लागतो.

आणि उच्चार. आपला 'का' दीर्घ, त्यांचा ऱ्हस्व. 'क' आणि 'का' यांच्या मधला म्हण. मराठी माणूस 'देस काऽऽ' असा ताणतो आणि जपानीत लांबी बदलली की शब्द बदलतो. 'सो देस का' ला ताण चालतो, बाकी ठिकाणी आवर.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्याकडे हा घोळच नाही. 'का म्हणून' विचारायला 'काऊन' आहे, आणि हो-नाहीला 'का'. 'काऊन आला?' वेगळं, 'आला का?' वेगळं. पुण्यातले लोक एकच शब्द पुढे-मागे सरकवून काम भागवतात. 'मला का सांगतो' आणि 'मला सांगतो का' यात घाईघाईत गफलत झाली तर मारामारी व्हायची. जपानी माणसाला मराठी शिकवायची असंल तर अकोल्याला पाठवा, त्याला सोपं जाईल.

जुना_जुळारी

वऱ्हाडी, मुद्दा सोळा आणे. प्रमाण मराठीत दोन शब्दांचं काम एकट्यावर आलंय. मी एका दिवाळी अंकाचं प्रूफ तपासत होतो, त्यात 'तू का गेलास' च्या जागी 'तू गेलास का' छापलं जात होतं. शब्द सगळे बरोबर, शुद्धलेखन बरोबर, आणि नवरा-बायकोच्या भांडणाची गोष्ट एकदम चौकशीची झाली. लेखकाला फोन करून विचारलं तेव्हा कळलं.

निशिकासाई ताई, त्या गोलाबद्दल आभार. आता माझा पुतण्या काही म्हणाला की दाखवतो.

कल्याण_पूर्व

ताई, तो नकाराचा मुद्दा आमच्याकडेही आहे. 'ना चलबऽ का?' मध्ये रागही असतो आणि लाडही. सूर कुठला ते बघावं लागतं. बाबूजींना जपानला पाठवायला हवं होतं.

कोयनाकाठ

@निशिकासाई, 'नानिका' वाचून डोक्याला हात लावला. मागच्या कॉलला हेच वाक्य होतं आणि आमच्या साहेबांनी एकामागून एक अडचणी सांगायला सुरुवात केली होती. पलीकडचे लोक गप्प होऊन लिहून घेत होते.

अजून एक शंका आहे. 'मासेन का' आणि 'माशो का' यांत माझा ऐकण्याच्या पेपरात गोंधळ होतो. एक वाक्य ऐकवतात आणि तीन उत्तरांतून एक निवडायचं असतं, तिथे वेळच मिळत नाही विचार करायला. आणि 'ने' बद्दलही सांगाल का? तो आपला 'ना' वाटतो.

निशिकासाई

'माशो का' साठी विचार करूच नकोस, तिथे मराठी बिनधास्त वापर. 'मोचिमाशो का' म्हणजे 'धरू का?' समोरच्याच्या हातात जड पेटी आहे आणि तू विचारतेस. 'आकेमाशो का', 'उघडू का?' मराठीत 'करू का, देऊ का, आणू का' आहे तसंच. दोघांनी मिळून करायचं असेल तर 'इकिमाशो का', 'जायचं का?' पेपरात 'माशो का' ऐकू आलं की 'हो, धरा' किंवा 'नको, राहू दे' अशा अर्थाचं उत्तर शोध. 'ओनेगाइ शिमास' किंवा 'दाइजोबु देस' बहुधा तिथेच असतं. 'मासेन का' ऐकू आलं तर ते आमंत्रण, उत्तर 'हो, येते' किंवा 'आज जरा जमणार नाही'. जपानी माणूस दुसरं उत्तर पुरतं देत नाही, 'सुमिमासेन, क्यो वा चोत्तो...' म्हणून अर्ध्यावर सोडतो. ते अर्धं वाक्यच बरोबर उत्तर असतं, पुढचं ऐकायला थांबू नकोस, पुढे काही येत नाही.

'ने' चा वेगळा धागा काढ. त्यात गुजराती लोकांनाही बोलाव, कारण त्यांचा 'रामनो भाई' मधला 'नो' जपानीतही हुबेहूब त्याच कामाला आहे आणि तिथे आपल्या 'चा'ची डाळ शिजत नाही.